पाच तुकडे, दोन बाटल्या

पोटाच्या बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की माणूस त्यात एकच शब्द शोधतो. तो सापडला नाही की कागद फायलीत जातो आणि फाइल कपाटात. मी सांगली-मिरज भागात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. जठराच्या ज्या बायोप्सी माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांत कर्करोग नसतो. तरीही पुढच्या दहा-वीस वर्षांत या जठरात काय होऊ शकेल, याच्या खुणा काही तुकड्यांत स्पष्ट असतात. त्या शोधायच्या, मोजायच्या आणि माणसाला न घाबरवता त्याच्या हाती द्यायच्या, हे माझ्या कामातलं सर्वांत अवघड काम आहे, असं आता मला वाटतं.

तुकडे दोन-तीन मिलिमीटरचे. फॉर्मॅलिनच्या बाटलीत बुडालेले येतात आणि सोबतच्या फॉर्मवर ‘पोटदुखी, अॅसिडिटी, एच. पायलोरी पाहावे’ एवढंच लिहिलेलं असतं. रात्रभर ते प्रोसेसरमधून जातात, पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये बसतात आणि मायक्रोटोमवर त्यांचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. ब्लॉक करताना आमचे टेक्निशियन तुकडा कडेवर उभा करायला धडपडतात. अस्तराचा पृष्ठभाग वर आणि स्नायूचा पातळ थर खाली, असा सरळ छेद मिळाला तरच ग्रंथी किती उरल्या आहेत ते कळतं. काप तिरका गेला तर ग्रंथींची नुसती गोल तोंडं दिसतात आणि त्यांच्या खोलीबद्दल काहीच ठामपणे लिहिता येत नाही. जठराच्या जोखमीविषयीची सगळी विद्या या सरळ छेदापासून सुरू होते. तो देणाऱ्या माणसाचं नाव मात्र रिपोर्टवर कुठेच येत नाही.

निरोगी जठराचं अस्तर सगळीकडे सारखं नसतं. वरच्या मोठ्या भागाला आम्ही कॉर्पस म्हणतो. तिथे आम्ल बनवणाऱ्या गुलाबी पेशी आणि पेप्सिनोजेन बनवणाऱ्या निळसर पेशी दाटीनं असतात. खालच्या अँट्रममध्ये श्लेष्म बनवणाऱ्या फिकट ग्रंथी असतात. गॉब्लेट पेशी मात्र या दोन्ही भागांत नसतात, त्या आतड्याच्या. जठराच्या तुकड्यात श्लेष्मानं फुगलेली अशी एक जरी पेशी दिसली तरी मी स्लाइड पुढे सरकवत नाही. जठराच्या अस्तरानं आतड्याच्या अस्तराचं रूप घ्यायला सुरुवात केलेली असते. याचं नाव इंटेस्टिनल मेटाप्लेशिया. तो कर्करोग नाही. पण जठराच्या एका प्रमुख प्रकारच्या कर्करोगाकडे जाणारी वाट बहुतेक वेळा इथूनच जाते.

ही वाट दाखवली कोलंबियाचे पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९७५ साली. आधी वर्षानुवर्षांचा दाह, मग ग्रंथींचा ऱ्हास, मग मेटाप्लेशिया, मग पेशींची घडण बिघडून होणारा डिस्प्लेशिया आणि शेवटी कर्करोग. कोलंबियाच्या नारिन्यो प्रांतात अँडीजच्या डोंगरातल्या गावांत हा कर्करोग खूप आणि त्याच प्रांताच्या किनाऱ्यावरच्या तुमाकोत फार कमी. या फरकाचा पाठपुरावा कोरेआंनी आयुष्यभर केला. मात्र दाहाचं मूळ कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ते १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला दिसलं. रोजच्या बायोप्सी पाहताना त्यांना अस्तरावर वळणदार जंतू आढळले आणि चांदीच्या रंजकानं ते ठळक झाले. पुढे बॅरी मार्शल त्यांच्यासोबत आले आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं हेलिकोबॅक्टर पायलोरीला कर्करोगकारक ठरवलं होतं. वॉरन यांच्या कामाचा मला विशेष आदर वाटतो, कारण त्यांच्यासमोर होती ती आमच्यासमोर असते तशीच साधी, कंटाळवाणी वाटणारी गॅस्ट्रायटिसची स्लाइड. ती त्यांनी नीट पाहिली.

मी शिकत होते तेव्हा आमच्या शब्दकोशात ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’ हा शब्द पुरेसा मानला जाई. जंतू आहे किंवा नाही, हे त्याखाली लिहिलं की रिपोर्ट पूर्ण. २००१ साली जपानमधल्या नाओमी उएमुरा यांच्या गटाचा अभ्यास आला आणि या शब्दाचा अपुरेपणा उघडा पडला. त्यांनी १,५२६ रुग्णांचा सरासरी ७.८ वर्षं पाठपुरावा केला होता. जंतुसंसर्ग असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. संसर्ग नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही नाही. धोका कुणाला जास्त, तर ज्यांच्या ग्रंथी खूप नष्ट झाल्या होत्या, ज्यांचा दाह मुख्यतः कॉर्पसमध्ये होता आणि ज्यांना मेटाप्लेशिया होता त्यांना. आम्ही एका शब्दात गुंडाळत होतो त्या दाहात कमी धोक्याची आणि जास्त धोक्याची जठरं एकत्र बसली होती, आणि त्यांना वेगळं करणाऱ्या खुणा स्लाइडवरच होत्या.

नेदरलँड्समध्ये देशभरातल्या पॅथॉलॉजी रिपोर्टांची एकत्रित नोंद असते. त्या आधारावर २००८ साली निघालेले आकडे मी कायम डोक्यात ठेवते. ग्रंथींचा ऱ्हास असलेल्यांत कर्करोगाचं प्रमाण वर्षाला सुमारे ०.१ टक्का, मेटाप्लेशियात ०.२५ टक्के, सौम्य ते मध्यम डिस्प्लेशियात ०.६ टक्के आणि तीव्र डिस्प्लेशियात ६ टक्के. म्हणजे मेटाप्लेशिया असलेल्या चारशे माणसांत वर्षाला एक. उरलेल्या ३९९ जणांनाही आपण तीच भीती देणार का? आणि त्या एकाला वेळीच कसं ओळखणार? ऊतीतल्या खुणांचा सगळा खटाटोप या दोन प्रश्नांसाठी आहे.

पहिली खूण मेटाप्लेशियाच्या प्रकाराची. काही ठिकाणी तो अगदी लहान आतड्यासारखा दिसतो. पेशी नीटनेटक्या आणि वरच्या कडेला ब्रशसारखी स्पष्ट झालर असते. याला आम्ही पूर्ण प्रकार म्हणतो. दुसऱ्या, अपूर्ण प्रकारात अस्तर मोठ्या आतड्याकडे झुकतं. झालर नसते, श्लेष्माचे थेंब लहानमोठे असतात, ग्रंथींची ठेवण वेडीवाकडी असते. अपूर्ण प्रकारात धोका जास्त, हे स्पेनसह अनेक ठिकाणच्या पाठपुराव्यांत दिसलं आहे. पूर्वी हा फरक हाय आयर्न डायमीन या रंजकानं दाखवत. त्यातली रसायनं विषारी असल्यानं बहुतेक प्रयोगशाळांनी ते बंद केलं. आता श्लेष्माची प्रथिनं तपासता येतात. पूर्ण प्रकारात जठराची मूळ प्रथिनं, एमयूसी ५एसी आणि एमयूसी ६, नाहीशी होतात आणि आतड्याचं एमयूसी २ येतं. अपूर्ण प्रकारात जुनी आणि नवी एकत्र नांदतात. पेशीला आपण जठराची की आतड्याची हे ठरवता आलेलं नसतं, आणि हा अनिर्णय पुढच्या बिघाडाला अनुकूल ठरत असावा, असं मला स्लाइड पाहताना नेहमी वाटतं.

दुसरी खूण विस्ताराची, आणि माझ्या मते आजही सर्वांत भरवशाची. मेटाप्लेशिया एका कोपऱ्यात आहे की सगळीकडे पसरलेला आहे? हे सांगायला तुकडे ठरलेल्या जागांवरून यावे लागतात. सिडनी पद्धत १९९० साली ठरली, १९९४ मध्ये ह्यूस्टनला तिची सुधारणा झाली, आणि तेव्हापासून पाच जागा निश्चित आहेत: अँट्रमचे दोन, जठराच्या वळणावरचा एक आणि कॉर्पसचे दोन. अँट्रम आणि वळण एका बाटलीत, कॉर्पस दुसरीत. इटलीच्या मासिमो रुजे यांच्या पुढाकारानं आलेल्या ओल्गा पद्धतीत दोन्ही भागांतला ग्रंथींचा ऱ्हास शून्य ते तीन असा मोजतात आणि तक्त्यावरून जठराचा टप्पा काढतात, शून्य ते चार. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यातल्या माणसांवर लक्ष ठेवावं लागतं. २०१० मध्ये आलेल्या ओल्जिम पद्धतीत ऱ्हासाऐवजी मेटाप्लेशिया मोजतात. त्यामागचं कारण आमच्या रोजच्या अनुभवातलंच आहे. दाहाच्या पेशींनी ग्रंथी दूर ढकलल्या असतील तर त्या खरंच कमी झाल्या की नुसत्या विखुरल्या, यावर दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होणं कठीण. गॉब्लेट पेशी मात्र दोघांनाही सारख्याच दिसतात.

आमच्याकडे अडतं ते इथे. बरेचदा अँट्रमचे एक किंवा दोन तुकडे येतात, फक्त जंतू शोधण्यासाठी. एवढ्यावरून ना टप्पा निघतो, ना विस्तार कळतो. शिवाय जंतूचा शोधही फसतो. आपल्याकडे पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या महिनोन्महिने घेणारे रुग्ण खूप. आम्ल कमी झालं की जंतू अँट्रममधून विरळ होतो आणि कॉर्पसमध्ये सरकतो. तपासणीआधी दोन आठवडे त्या गोळ्या बंद ठेवल्या आणि कॉर्पसचाही तुकडा घेतला, तर तो सापडण्याची शक्यता वाढते.

एका एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना मी याबद्दल फोन केला होता. ते म्हणाले, “मॅडम, दिवसभरात इतके पेशंट असतात. पाच तुकडे घ्यायचे म्हणजे वेळ जातो, आणि दुसऱ्या बाटलीचा खर्च पेशंटवर पडतो.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी म्हटलं, “सर, सगळ्यांचे नकोत. चाळिशीच्या पुढचे, घरात कुणाला जठराचा कर्करोग झालेले, किंवा अस्तर विरळ, पांढुरकं दिसेल असे, एवढ्यांचे तरी पाठवा. दुसऱ्या बाटलीचे पैसे आम्ही लावणार नाही.” त्यांनी ते मान्य केलं आणि पुढे पाळलंही. जपानमधल्या किमुरा आणि ताकेमोतो यांनी १९६९ सालीच अस्तराच्या ऱ्हासाची सीमा दुर्बिणीतून कशी ओळखायची ते मांडलं होतं. ती सीमा कुठे दिसली, हे आता हे डॉक्टर फॉर्मवर लिहितात. त्यांच्या डोळ्यांना काय दिसलं आणि मला काय दिसलं, हे एकत्र ठेवता येतं, आणि तेव्हाच माझ्या रिपोर्टला वजन येतं.

त्यांच्याकडून आलेले एक रुग्ण तासगावकडचे द्राक्षबागायतदार होते. आधी दुसरीकडे घेतलेल्या एका तुकड्यात मेटाप्लेशिया आला होता. कुणीतरी त्यांना ‘कॅन्सरची पहिली पायरी’ असं सांगितलं होतं आणि त्यांची झोप उडाली होती. ते थेट लॅबमध्ये आले. “मॅडम, ह्यात कॅन्सर हाय का न्हाई, तेवढंच सांगा.” मी सांगितलं की नाही. त्यांनी विचारलं, “मग पुन्यांदा दुर्बीण घालायला का सांगत्यात?” मी म्हटलं, “काका, बागेची माती तपासायला देता तेव्हा एकाच जागेची देता का?” ते लगेच बोलले, “न्हाई वो. वरल्या पट्टीत काळी अन् खालच्या पट्टीत मुरमाड असली तर दोन नमुनं येगळं द्यावं लागत्यात. एकात मिसळलं की कायच कळत न्हाई.” पाच तुकडे आणि दोन बाटल्या का, हे याहून चांगलं मी कुणालाही समजावू शकले नसते.

त्यांची तपासणी पुन्हा झाली. मेटाप्लेशिया फक्त अँट्रममध्ये, थोडाच आणि पूर्ण प्रकारचा होता. कॉर्पस स्वच्छ. ओल्जिमचा पहिला टप्पा. घरात कुणाला हा आजार नव्हता. जंतू होता, त्याचे औषधोपचार झाले आणि तो गेल्याची खात्रीही केली गेली. युरोपातल्या संघटनांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा माणसाला ठरावीक काळानं दुर्बीण घालत राहण्याची गरज नसते. मी रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहिलं. जोखमीचा अंदाज म्हटला की लोकांना वाटतं, धोका सांगणं एवढंच त्याचं काम. धोका कमी आहे हे पुराव्यानिशी सांगता येणं, ही त्याची तेवढीच मोठी देणगी आहे. पुढच्या वेळी ते आले ते बेदाण्यांची पिशवी घेऊन, आणि बागेबद्दलच बोलत बसले.

याच्या उलटही घडतं. एका पन्नाशीच्या बाईंच्या दोन्ही बाटल्यांत मेटाप्लेशिया होता, अपूर्ण प्रकारचा, आणि त्यांचे सख्खे भाऊ जठराच्या कर्करोगानं गेले होते. अशा व्यक्तींची दर एक-दोन वर्षांनी चांगल्या दर्जाची एंडोस्कोपी व्हावी लागते. जंतूचा उपचार झाल्यावर त्यांचं दुखणं थांबलं आणि दुखत नसताना पुन्हा दुर्बीण घालायला त्यांचं मन तयार होईना. त्यांच्या सुनेला मी टप्प्याचा तक्ता दाखवला. सासूबाईंचा चौकोन कुठे पडतो ते तिनं स्वतः शोधलं आणि पुढची तारीख फोनमध्ये घातली. त्या वेळेवर येतात. पण अशी सून प्रत्येक घरात असेल, यावर कुठलीही व्यवस्था उभी राहू शकत नाही. धोका जास्त आहे असं लिहिताना त्याचा पाठपुरावा कोण करणार, हेही त्याच कागदावर लिहिलं गेलं पाहिजे.

कधी कधी फॉर्मवर ‘कॅन्सर रिस्क मार्कर करा’ असं लिहून येतं. त्यामागची काळजी मला समजते, पण अशा वेळी मी आधी फोन करते. सीडीएक्स २ हे आतड्याची ओळख ठरवणारं प्रथिन मेटाप्लेशियात उमटणारच. साध्या रंजकानं जे दिसलं होतं त्याला ते दुजोरा देतं, पुढचं काही सांगत नाही. केआय-६७ पेशींची वाढ दाखवतं, पण जंतूच्या दाहातही पेशी वेगानं वाढतात. पी ५३ डिस्प्लेशियाची शंका असताना मोलाची मदत करतं. नुसत्या मेटाप्लेशियात ते लावून भविष्य सांगायला गेलं, तर रुग्णाचे पैसे जातात आणि हाती एक अर्धवट शब्द राहतो. डिस्प्लेशिया ओळखणं हेच मुळात कठीण आहे. १९९७ मध्ये जपानी आणि पाश्चात्त्य पॅथॉलॉजिस्टांना त्याच स्लाइड दाखवल्या गेल्या, तेव्हा एकाचा डिस्प्लेशिया तो दुसऱ्याचा कर्करोग ठरला. त्या मतभेदातून पुढे व्हिएन्ना वर्गीकरण तयार झालं. आजही डिस्प्लेशियाची शंका आली की मी स्लाइड दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडे पाठवते. त्यासाठी लागणारे दोन-चार दिवस रुग्णाला अवघड जातात, पण ते टाळू नयेत असं माझं ठाम मत आहे.

मग रेणूंच्या पातळीवरच्या खुणांचं काय? इथे खरी आशा आहे, आणि मी ती मनापासून बाळगते. सिंगापूरच्या गटानं २०१८ मध्ये, दहा वर्षांच्या पाठपुराव्यात सामील झालेल्या, कर्करोग नसलेल्या लोकांतल्या १३८ मेटाप्लेशियांचा जनुकीय अभ्यास मांडला. मेटाप्लेशियात कर्करोगाच्या मानानं जनुकीय बदल कमी होते. टीपी ५३ सारख्या जनुकांतले बदल त्यात सारखे आढळत नव्हते, पण गुणसूत्र ८ च्या लांब भुजेची वाढ आणि टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, आखूड झालेली दिसत होती. ज्यांच्यात टेलोमिअर आखूड आणि गुणसूत्रांत बदल होते, त्यांच्यात पुढे डिस्प्लेशिया किंवा कर्करोग होण्याशी संबंध दिसला. ज्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा निरोगी अस्तरासारख्या होत्या, त्यांच्यात मेटाप्लेशिया मागे हटण्याशी. सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसणारे दोन तुकडे उलट दिशांना जाऊ शकतात, आणि त्यांची दिशा सांगणारी खूण डीएनएत असते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. स्लाइडवर ११ टक्क्यांत दिसलेला जंतू सिक्वेन्सिंगनं २७ टक्क्यांत सापडला. ही ओळ मी आमच्या निवासी डॉक्टरांना आवर्जून सांगते. ‘जंतू दिसला नाही’ आणि ‘जंतू नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

जपानमध्ये तोशिकाझू उशिजिमा यांच्या गटानं दुसरी बाजू उलगडली. जंतूच्या दीर्घ दाहानं अस्तरातल्या डीएनएवर मिथाइलचे अंश चढत जातात आणि काही जनुकं गप्प होतात. जंतू मारल्यावर ही पातळी उतरते, पण पूर्ण जात नाही. कर्करोगाचा छोटा भाग दुर्बिणीतूनच कापून काढलेल्या रुग्णांत, उरलेल्या निरोगी दिसणाऱ्या अस्तरात एमआयआर-१२४ए-३ या जनुकाचं मिथाइलेशन जास्त असेल, तर दुसरा कर्करोग होण्याचा धोका जास्त, हे २०१५ मध्ये अनेक रुग्णालयांच्या एकत्रित अभ्यासातून समोर आलं. तुकडा अस्तराच्या स्वच्छ भागातून घ्यायचा आणि त्यावरून सगळ्या जठराचा इतिहास वाचायचा, ही कल्पना मला फार महत्त्वाची वाटते. पॅथॉलॉजिस्टचं शिक्षण वाईट जागा शोधण्याचं असतं. इथे चांगल्या दिसणाऱ्या जागेला प्रश्न विचारायचा आहे.

प्रत्येक जठर कोरेआंच्या पायऱ्यांनी जातंच असं नाही, हेही रुग्णाला सांगावं लागतं. फिनलंडचे लॉरेन यांनी १९६५ मध्येच या कर्करोगाचे दोन प्रकार वेगळे केले होते. आतड्यासारखा प्रकार मेटाप्लेशियाच्या वाटेनं येतो. विखुरलेल्या पेशींचा दुसरा प्रकार अनेकदा अस्तराखालून गुपचूप पसरतो, आणि त्याची आधीची पायरी बायोप्सीत सापडेलच असं नसतं. न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांत तरुणपणी होणाऱ्या अशा कर्करोगामागे सीडीएच १ जनुकातला आनुवंशिक बदल आहे, हे १९९८ मध्ये कळलं. तिथे जोखीम रक्तातून, वंशावळीतून शोधावी लागते. म्हणून ओल्गाचा पहिला टप्पा लिहिताना मी रिपोर्टमध्ये ‘आतड्यासारख्या प्रकाराचा धोका’ असाच शब्दप्रयोग करते. ज्या धोक्याबद्दल तुकडा बोलतच नाही, त्याबद्दल त्याच्या तोंडून अभय देणं योग्य नाही.

आणि मग आपल्या मातीचा प्रश्न. २०२२ मध्ये जगात जठराच्या कर्करोगाचे सुमारे ९.६८ लाख नवे रुग्ण आणि ६.६ लाख मृत्यू झाले, असा अंदाज आहे. भारतात एच. पायलोरीचा संसर्ग खूप, तरी या कर्करोगाचं प्रमाण एकूण कमी. या कोड्यावर अनेक वर्षं लिहिलं जात आहे. पण मिझोरममधल्या ऐजॉल जिल्ह्याचं प्रमाण देशात सर्वांत वरचं, मुंबई-पुण्याच्या कितीतरी पट. धुरी दिलेलं मांस, खारवलेले आणि आंबवलेले पदार्थ, तंबाखूच्या धुराचं पाणी, यांच्याशी त्याचा संबंध दिसला आहे. जंतूच्या वाणांतही देशोदेशी फरक असतात. मग नेदरलँड्सचे ०.२५ टक्के किंवा जपानची मिथाइलेशनची सीमारेषा जशीच्या तशी सांगलीच्या माणसाला लावायची का? मला ते पटत नाही. खुणा त्याच राहतील, पण प्रत्येक खुणेमागचा धोका किती, हा आकडा इथल्या माणसांच्या पाठपुराव्यातूनच निघायला हवा.

वेळेचं महत्त्व चीनच्या फुजियानमधल्या एका अभ्यासानं सांगितलं, २००४ साली. १,६३० संसर्गित लोकांपैकी निम्म्यांचा जंतू मारण्याचा उपचार झाला. साडेसात वर्षांनी सगळ्यांचा हिशोब पाहता कर्करोगात ठोस फरक पडला नव्हता. पण ज्यांच्यात सुरुवातीला ऱ्हास किंवा मेटाप्लेशिया नव्हता, त्यांच्यापैकी उपचार झालेल्या गटात एकालाही कर्करोग झाला नाही. न झालेल्या गटात सहा जणांना झाला. पुढच्या दीर्घ पाठपुराव्यांनी नंतरच्या टप्प्यातही उपचाराचा फायदा दाखवला, तरी ‘जितकं लवकर तितकं चांगलं’ हे सूत्र कायम आहे. अस्तर अजून जठराचंच असताना जंतू सापडला, तर रुग्णाच्या हाती सर्वांत जास्त असतं. म्हणून तरुण रुग्णाच्या साध्या गॅस्ट्रायटिसचा रिपोर्टही मी घाईत उरकत नाही.

आता माझ्या रिपोर्टला चार ओळी जास्त लागतात. कोणत्या जागेचे किती तुकडे, छेद सरळ होते की तिरके, मेटाप्लेशियाचा प्रकार, टप्पा काढता आला की नाही आणि नसेल तर का, आणि शेवटी पुढे काय करावं याची साध्या मराठीत एक ओळ. ती मराठी ओळ सुरुवातीला काही डॉक्टरांना अनावश्यक वाटली. पण रिपोर्ट शेवटी घरी जातो आणि घरात तो वाचणाऱ्याला तीच ओळ समजते. टप्प्यावरून धोका ठरवण्याचे निकषही बदलत राहणार आहेत. ओल्जिमच्या दुसऱ्या टप्प्यातल्यांचा धोकाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही, असं सिंगापूरच्या गटानं २०२२ मध्ये दाखवलं. आज ज्याला मी निश्चिंत करते, त्याला उद्या परत बोलवावं लागू शकतं. त्यासाठी त्याचा पत्ता आणि त्याचा ब्लॉक, दोन्ही माझ्याकडे शाबूत असायला हवेत.

याच ठिकाणी महाराष्ट्राला मोठं काम करता येईल. मुंबईत १९६३ पासून आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी आहे. बार्शीची नोंदणी ही देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. कुणाला कर्करोग झाला हे सांगणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. दुसरीकडे गावोगावच्या लॅबमध्ये जठराच्या बायोप्सीचे पॅराफिन ब्लॉक वर्षानुवर्षं साठलेले आहेत, आणि त्यातला डीएनए तुटका झाला तरी मिथाइलेशनच्या तपासणीला बऱ्याचदा पुरतो. रुग्णांची संमती आणि गुप्तता सांभाळून या दोन्ही गोष्टी जोडल्या, तर चारशेपैकी एक हा आकडा आपल्याकडे खरा आहे का, याचं उत्तर आपल्याच माणसांतून मिळेल. त्यासाठी महागडं यंत्र नंतर येऊ दे. आधी प्रत्येक बाटलीवर जागेचं नाव हवं, प्रत्येक ब्लॉकवर पुसला न जाणारा क्रमांक हवा आणि प्रत्येक रिपोर्टमध्ये टप्पा हवा. हे तिन्ही आजच्या खर्चात जमतं, आणि ज्या लॅबनं ते अजून सुरू केलं नसेल, तिनं या आठवड्यात सुरू करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.